कुंदाताई, तुमचे गुरुवार मी बंद केले

प्रिय कुंदाताई,

दीड महिन्यापूर्वी एका सकाळी तुमच्या नवऱ्याने माझ्या पाण्याच्या ग्लासच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, तेव्हापासून हे पत्र मनात लिहून राहिले आहे.

मी स्वयंपाकघरात गेले तर दादा ओट्यापाशी चष्मा लावून, जीभ दाताखाली धरून, अगदी मन लावून तो ठिपका रंगवत होते. एक ताट, दोन वाट्या झाल्या होत्या, ग्लास शेवटचा होता. बाटली तुमच्या रुचाच्या जुन्या कपाटातून काढलेली, अर्धी वाळलेली. मी विचारलं, "दादा, हे काय?"

ते म्हणाले, "तुझी भांडी. कुंदाच्या वेळी तूच लावला होतास ना असा? मला वाटलं, असंच करायचं असते."

तुम्हाला माहीत आहे, दादांना टोमणा मारता येत नाही. फॅक्टरीत सारा जन्म गेला, पण वाकडं बोलायला शिकले नाहीत. ते खरंच मदत करत होते. मी त्यांच्या हातातून ग्लास घेतला, पाणी ओतलं आणि त्यांच्यासमोर प्यायले. नंतर न्हाणीघरात जाऊन ओकले. घरचे म्हणाले, औषधाने झालं. औषधाने नव्हतं झालं, ताई. मला माझी किळस आली होती.

हो, मलाही तोच झाला, छातीचा कॅन्सर. तुमचा उजवीकडे होता, माझा डावीकडे. आपण दोघी जावा, रक्ताचा संबंध नाही, तरी कॉलनीत लोक बोलून राहिले की त्या घरातच काहीतरी दोष आहे.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडले नाही. वर्गात हजेरी ऐकावी तसं ऐकलं. परत येताना आमचे हे स्कूटर चालवत होते आणि मी मागे बसले होते. घराजवळचा रांझीचा चढ लागल्यावर मान न वळवता ते म्हणाले, "सध्या कोणाला सांगायचं नाही. शाळेत टायफॉइड सांगू."

तो आवाज यांचा होता, पण शब्द माझे होते. चार वर्षांपूर्वी याच घरात मी ते बोलले होते. स्कूटरवर मागे बसून मला वाटलं, कोणीतरी माझं जुनं थुंकलेलं माझ्याच ओंजळीत ठेवून राहिलं आहे.

लपलं तर काहीच नाही. आठ दिवसांत समोरच्या आंटी शहाळं घेऊन आल्या. बसल्या, आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे न बघता पदराकडे बघत राहिल्या. शेवटी राहवलं नाही. "कौन सी तरफ़ का है?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी काही भाजीवाल्याने बरोबर किंमत सांगितली. यांची चुलत बहीण आली ती गोमूत्राची बाटली घेऊन. म्हणाली, रडायचं नाही, रडल्याने गाठ वाढते. आणि यांच्या भाचीने तर हद्द केली. मला न विचारता व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला, "बघा, मामी किती फ्रेश दिसून राहिल्या." पलीकडे सात-आठ तोंडं होती. सगळी हसत होती, हात हलवत होती. मी पण हात हलवला. शरम वाटते सांगायला, पण हलवला.

हिम्मत ठेव, पॉझिटिव्ह राहा, सगळं ठीक होईल. ऐकून ऐकून वीट आला. आता समजते की ही माणसं धीर द्यायला येत नाहीत. तुम्ही काही बोलू नये म्हणून आधीच तुमच्या तोंडात बोळा कोंबून जातात. तुम्ही घाबरला आहात हे त्यांना ऐकायचं नसते.

पण मी कोणत्या तोंडाने त्यांना नावं ठेवू? तुमच्या वेळी तो बोळा माझ्या हातात होता.

आठवते तुम्हाला, तुम्ही पहिल्यांदा मलाच सांगितलं होतं. दुपारी मी शाळेतून आले होते. तुम्ही मशीनवर कोणाचं तरी ब्लाऊज शिवत होत्या. मशीन थांबवून म्हणालात, "वैशू, इथं हात लावून पाहा बरं. दुखत नाही, पण आहे काहीतरी." मी हात लावला. सुपारीएवढी होती. आपण दोघीच दवाखान्यात गेलो, तपासणी झाली, रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन करा, थांबू नका.

आणि घरात तेव्हा रुचाचं जमलं होतं. मुलगा नागपूरचा, घर चांगलं, आपल्याकडचीच माणसं. लग्न दोन महिन्यांवर. आपण बैठकीत बसलो होतो, तुम्ही, दादा, हे आणि मी. दादा खाली बघत होते. हे म्हणाले, मुलाकडच्यांना कळलं तर मोडतील, आईला आहे म्हणजे मुलीलाही होईल म्हणतील. दादांनी तुमच्याकडे पाहिलं. ते तुम्हाला विचारणार होते, ताई. मला अजून दिसते, त्यांनी तोंड उघडलं होतं. त्याआधी मी बोलले.

मी म्हणाले, "सध्या कोणाला सांगायचं नाही. इतके दिवस राहिली ना ती गाठ अंगात, अजून दोन महिने राहील."

मी शिकलेली बाई. तिसरीच्या मुलांना स्वच्छता आणि आरोग्य शिकवते. ते वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं, याचा मी कितीदा विचार केला. उत्तर फार घाणेरडं आहे. मला लग्न हवं होतं. नागपूरच्या माणसांसमोर मिरवायचं होतं, माझ्या माहेरच्यांना बोलावलं होतं, साड्या घेऊन ठेवल्या होत्या. तुमच्या गाठीने माझा कार्यक्रम बिघडत होता. एवढंच.

तुम्ही म्हणालात, "चलो, ठीक आहे. पोरीचं होऊन जाऊ दे."

काहून म्हणालात? एकदा तरी नाही म्हणायचं होतं. मला झापायचं होतं. मोठी जाऊ होत्या तुम्ही, तो हक्क होता. मी अशी होते हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, मग माझ्या हातात स्वतःला काहून दिलंत? बघा, अजूनही मी दोष तुमच्याकडे सरकवून राहिले आहे. ही खोड जात नाही.

लग्नात तुम्ही नाचलात. विहिणीने हात धरून ओढलं आणि तुम्ही उजवा हात अंगाशी धरून, फक्त डावा वर करून नाचलात. सगळे टाळ्या वाजवत होते. मी पण.

ऑपरेशन झालं तेव्हा उशीर झाला होता. किती उशीर, त्यामुळे किती बिघडलं, हे डॉक्टर कधी नेमकं बोलले नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही. रुचा धावत आली. "मला काहून नाही सांगितलं?" म्हणून तुमच्या पलंगापाशी रडली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पुढे होऊन म्हणाले, "तुझ्या आईचाच हट्ट होता बेटा. तिनेच शपथ घातली होती." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. ते खोटं तुम्ही मरेपर्यंत सांभाळलंत. कोणासाठी, ताई? माझ्यासाठी?

नंतरचे दिवस. जखम भरेना. पू झाला, नळीची पिशवी रोज रिकामी करावी लागे. खोलीत एक वास भरून राहायचा. मी ओढणी नाकाला लावून आत यायची, जेवण ठेवून निघून जायची. तुम्ही एकदा म्हणालात, "वैशू, खोलीत उदबत्ती लावत जा, तुला बरं वाटेल." मी तो दिवस विसरून गेले होते. आता माझ्या स्वतःच्या अंगाला औषधाचा वास येऊन राहिला आणि हे झोपताना तोंड भिंतीकडे करतात, तेव्हा आठवलं. वास तुमचा होता आणि काळजी तुम्ही माझी करत होत्या.

तेव्हाच मी भांड्यांना ठिपके लावले. कॅन्सर लागत नाही हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं. तरी लावले. तुम्ही ग्लास उलटा करून पाहिलात, ठिपक्यावरून अंगठा फिरवलात आणि सरळ करून पाणी प्यायलात.

मग तुमचे केमो सुरू झाले, आणि थोड्या दिवसांनी तुमचे गुरुवार.

तुम्ही सांगितलं होतं, दत्ताच्या देवळात जाते. मी म्हटलं, बरं आहे, देवाधर्मात मन रमेल. गुरुवारी अकरा वाजता ऑटोवाला यायचा, तुम्ही डोक्याला रुमाल बांधून जायच्या आणि दोनपर्यंत परत. आल्यावर तुमचं तोंड वेगळं असायचं. एकदा तर चक्क गाणं गुणगुणत चहा केलात. रविवारी मशीनवर बसून जुन्या सुती कपड्याच्या लहान लहान गोल पिशव्या शिवत बसायच्या. मी विचारलं तर म्हणालात, काही नाही, असंच.

समोरच्या आंटी कोणाला तरी बघायला दवाखान्यात गेल्या होत्या, त्यांनी येऊन सांगितलं. "तुम्हारी जेठानी तो वहाँ बरामदे में, बिना रुमाल के, टकली, औरतों के बीच ठहाके लगा रही थीं." आंटी मजा घेत होत्या. मला राग त्यांचा यायला हवा होता. मला तुमचा आला.

त्याच संध्याकाळी दादांसमोर मी तुम्हाला धारेवर धरलं. देवाच्या नावावर खोटं बोलता, तिथं फूलवाल्या, मजुरणी यांच्यात बसून दात काढता, रुचाच्या सासरच्या कोणी पाहिलं तर? आणि ह्या पिशव्या, हे काय घाण शिवून राहिलात? तुम्ही सांगितलंत. छाती काढलेल्या बायांना ब्लाऊजमध्ये ठेवायला. कापूस हलका पडतो, एका बाजूने पदर घसरतो, म्हणून आत थोडी राई, मोहरी भरायची, वजन बरोबर होते. हे तुम्ही इतक्या साधेपणाने सांगितलंत, शिवणकामातली एखादी युक्ती सांगावी तसं. मी "शी" म्हणाले आणि तोंड फिरवलं.

तुम्ही त्या एकाच दिवशी माझ्याशी भांडलात. म्हणालात, "तिथं मी बोलते, वैशू. इथं मला दिवसभर बरं असावं लागते."

दादा म्हणाले, "वैशाली म्हणून राहिली तर नको जाऊ ना काही दिवस." आणि पुढच्या गुरुवारी ऑटोवाल्या भैयाला फोन मी केला. सांगितलं, दीदी अब नहीं जाएँगी. तुम्ही निळी साडी नेसून व्हरांड्यात तासभर बसलात. मी आतून बघत होते. बारा वाजता तुम्ही उठलात, साडी बदललीत आणि तांदूळ निवडायला घेतलेत.

दोन-तीन आठवड्यांनी गेटवर तीन बाया आल्या. एकीच्या हातात टोपली होती, झेंडूची. तुमचं नाव घेऊन विचारलं. मी गेट न उघडताच म्हणाले, दीदी सो रही हैं. तुम्ही जाग्या होत्या. खिडकीतून आवाज दिलात, "कोण आलं गं?" मी म्हणाले, "भाजीवाली."

हे मी या महिन्यापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. यांनाही नाही.

त्यानंतर सात महिने तुम्ही जगलात. खूप शांत. आम्ही सगळ्यांना सांगायचो, कुंदाताईंची सहनशक्ती बघा. तेराव्याला आलेल्या बायांनी पण तेच म्हटलं, शेवटपर्यंत तोंडातून एक शब्द नाही काढला. मी डोळे पुसत मान हलवली. किती घाण आहे हे, ताई. तोंड बंद करायचं आणि मग त्या शांततेचं कौतुक करायचं.

आता ऐका, पुढे काय झालं ते.

माझा दुसरा केमो झाला. तिथल्या सिस्टर सुई काढताना म्हणाल्या, "गुरुवार को बरामदे में औरतें बैठती हैं, आप भी आया करो." मी नाही म्हटलं. घरी आले. दोन दिवस यांच्याशी, दादांशी, शाळेच्या फोनवर सगळ्यांशी बरी राहिले. तिसऱ्या दिवशी भाकरी करताना एकदम हात थांबले. तवा जळत होता आणि मला गॅस बंद करता येईना. मला वाटलं, मी आत्ता ओरडेन, आणि ओरडले तर हे लोक मला गोमूत्र पाजतील. गुरुवारी मी दादांना म्हटलं, मला स्कूटरवर सोडून द्या. कुठं ते सांगितलं. दादांनी किल्ली उचलली. स्कूटर काढली.

व्हरांडा म्हणजे काय, दोन बाक आणि एक सतरंजी. पाच-सहा जणी होत्या. एक कॉलेजची लेक्चरर, एक जवळच्या पाटणहून बसने येणारी शेतकरीण, एक फार म्हातारी. मध्ये बसली होती सावित्री दीदी, नर्मदेच्या ग्वारीघाटावर फुलं आणि पूजेचं सामान विकते ती. मला जागा करून दिली. कोणी "कौन सी तरफ़ का" विचारलं नाही. पाटणवाली सांगत होती की तिला नखं काळी झाली त्याचीच जास्त लाज वाटते. लेक्चरर बाई म्हणाली, मी रोज देवाला शिव्या देते. म्हातारी म्हणाली, मला मरायची भीती वाटते, या वयात पण वाटते. आणि कोणी कोणाला ठीक होईल म्हटलं नाही. ऐकलं, आणि पुढचीने आपलं सांगितलं.

सावित्री दीदीने विचारलं, "रांझी से आई हो? हमारी एक कुंदा दीदी थीं रांझी की. जानती थीं?"

मी म्हणाले, "शेजारी होतो. पड़ोस में."

तिने मान हलवली. मग तुमच्याबद्दल सांगत राहिली. तुम्ही तिला पहिली राईची पिशवी कशी शिवून दिली, ती घाटावर वाकून फुलं वेचायला लागली तेव्हा पदर घसरत नव्हता म्हणून किती हसली. तिच्या ब्लाऊजमध्ये अजून तीच आहे, दोनदा कापड बदललं. मी ऐकत होते. तुमच्याच घरातली मी, आणि तुमच्याबद्दल एक परकी बाई मला सांगत होती.

पूर्ण आठवडा मी त्या खोट्यासोबत राहिले. पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर बोलले. मी कुंदा दीदींची देवरानी. मीच त्यांचं येणं बंद केलं. लग्नासाठी ऑपरेशन मीच लांबवलं. भांडी वेगळी मीच केली. सगळं. मध्ये कोणी थांबवलं नाही.

माझं संपल्यावर सावित्री दीदी म्हणाली, "मालूम है. गेट पे तुम ही थीं. हम देख रहे थे, कब बोलोगी."

मी मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, "अस्थि लेकर घाट पे आए थे न तुम लोग, मैं वहीं थी. पास नहीं आई. सोचा, फिर भगा दोगी. तुम लोग चले गए, तब मैंने अपनी टोकरी के फूल डाले नर्मदा जी में."

मी रडायला लागले. तिने डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही. म्हणाली, "सच बोलूँ तो हमको तुमसे घिन आती है. मगर सुई तो तुमको भी लग रही है. बैठो. अगले गुरुवार भी आना."

ताई, गेल्या तीन महिन्यांत माझ्याशी कोणी इतकं खरं बोललं नव्हतं. मला एकदम श्वास घेता आला. कोणी माफ केलं नव्हतं, कोणी हाकललंही नव्हतं. मी जशी आहे तशी, घाणेरडी, आजारी, घाबरलेली, त्या सतरंजीवर बसू शकत होते. तुम्हाला तिथं काय मिळत होतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी तुमच्याकडून काय हिसकावलं तेही त्याच क्षणी कळलं. दोन्ही सोबतच.

बाहेर आले तर दादा कडुनिंबाखाली तिथल्या बायांच्या नवऱ्यांसोबत बसले होते. एक सरदारजी त्यांना काहीतरी विचारत होते आणि दादा सांगत होते, "मेरी वाइफ़ को था. कुंदा नाम था." चार वर्षांत त्यांच्या तोंडून तुमचं नाव इतक्या सहज मी ऐकलं नव्हतं. घरी येताना मी त्यांना सगळं सांगितलं, गेटवरचंही. त्यांनी स्कूटर बाजूला थांबवली. मग म्हणाले, "मी पण नाही म्हणू शकत होतो ना, वैशाली. मी काहून नाही म्हटलं?"

यांना मात्र मी त्या दिवशी सरळ सांगितलं की टायफॉइड आजपासून बंद. शाळेत मी स्वतः फोन केला आणि आजाराचं नाव घेतलं. हे चिडले. दोन दिवस बोलले नाहीत. आता पिशवी घेऊन औषधं आणायला जातात, दुकानात नाव घेतात की नाही, देव जाणे.

राहिली रुचा.

तिला फोन करायला मला चार दिवस लागले. दुपारची वेळ निवडली, ती घरी एकटी असते तेव्हा. आधी माझा आजार सांगितला. ती कळवळली, "काकू, मी येते, मी आईच्या वेळी नव्हते, तुमच्या वेळी येते." मी म्हटलं, आधी ऐकून घे. आणि सांगितलं. शपथ तुझ्या आईने घातली नव्हती. ती लपवणार नव्हती. दोन महिने थांबायचं मी ठरवलं आणि तुला खोटं मी सांगितलं.

मग तिने विचारलं, "लग्नात ती नाचली तेव्हा तिला दुखत होतं का?"

मी म्हणाले, "हो."

"मी चार वर्षं आईवर चिडून आहे, काकू. तिच्या फोटोला हार घालताना पण चिडून असते. की तिनं मला परकं केलं."



तिने फोन ठेवला. मी तिला एवढंच लिहून पाठवलं की तू स्वतः डॉक्टरांना दाखव, आईचं सगळं सांग, सासरी कोणी काही म्हणो. उत्तर आलं नाही. पाच दिवसांनी आलं. "सोमवारी तपासणी आहे. सासूबाई सोबत येऊन राहिल्या. तुम्ही येऊ नका."

त्याच विहीणबाई, ज्यांच्यापासून आपण तुमची गाठ दोन महिने लपवली होती. त्या सोबत जाऊन राहिल्या आहेत. विचारलं असतं तर तेव्हाही आल्या असत्या का? मला वाटते, आल्या असत्या. आपण विचारलंच नाही.

मी जाणार नाही नागपूरला. ती नको म्हणाली.

काल संध्याकाळी तिचा आणखी एक निरोप आला. फक्त एक ओळ होती. "आई तिथं काय बोलायची?"

मला माहीत नाही, ताई. एका घरात, एका ओट्यावर आपण एकोणीस वर्षं काढली, आणि तुमच्या मुलीच्या या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. ते सावित्री दीदीला येते. त्या म्हातारीला येते. आता त्यांनाच विचारणार आहे.

म्हणून हे वचन. माझ्या अंगात बसायची ताकद आहे तोवर मी दर गुरुवारी तिथं जाईन आणि तुम्ही जे जे बोललात ते एकेकीकडून मागून घेईन. वहीत लिहीन आणि रुचाला पाठवीन. तुम्ही तिच्या सासूची नक्कल करायच्या म्हणे, ते लिहीन. भीती वाटते म्हणून रडला होतात, ते लिहीन. माझ्याबद्दल काय बोलला असाल ते सावित्री दीदी अजून सांगून नाही राहिली, पण सांगेल तेव्हा तेही लिहीन, कमी न करता. मधे माझा एक शब्द घालणार नाही. तुम्ही बोलून राहिल्या आहात आणि ती ऐकून राहिली आहे, एवढंच असेल त्यात.

माफी मागत नाही. तेवढी लाज उरली आहे.

तुमची धाकटी जाऊ,
वैशाली